सकाळी नऊचा शो, पंधरा मुलखांचे श्रोते!

येशूचा संदेश सगळ्यात आधी कोणी ऐकला? पटकन सांगा! गालील सरोवराकाठचे चार-दोन कोळी, असंच म्हणालात ना? अर्धे मार्क! कोळी तर होतेच. पण त्यांच्या पाठोपाठ आफ्रिकेतल्या राणीचा खजिनदार आला, रोमन पलटणीचा अधिकारी आला, जांभळ्या कापडाचा धंदा करणारी बाई आली. एक जेलर आला, अथेन्सचे तत्त्वज्ञ आले आणि प्रवचन ऐकता ऐकता थेट खिडकीतून खाली पडलेला एक तरुणही आला. एवढी तगडी स्टारकास्ट आणि तीसुद्धा पहिल्या तीसेक वर्षांत! चला, भेटू या एकेकाला.

सीन पहिला. जेरुसलेम, सन 30च्या आसपास. वल्हांडण सणानंतरचा पन्नासावा दिवस, म्हणजे पेंटेकॉस्ट. गव्हाच्या सुगीचा सण असल्यामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंनी शहर खचाखच भरलेलं. येशूचे अनुयायी तेव्हा किती? जेमतेम 120. आणि एकाएकी ही साधी गालीलकर मंडळी परक्या मुलखांच्या भाषांत बोलू लागली! ही हकीकत लूकने ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे.

माहीत आहे का, त्या दिवशीच्या ऐतिहासिक भाषणाचा पहिला मुद्दा कोणता होता? घड्याळ! गर्दीतले काही जण म्हणाले, ही माणसं नवी वाइन ढोसून आली आहेत. तेव्हा येशूचा शिष्य पेत्र उभा राहिला आणि त्याने आधी हाच खुलासा केला की बाबांनो, अजून सकाळचे नऊच वाजलेत, कोणी प्यायलेलं नाही. मग मूळ विषय सुरू झाला. लूकच्या हिशेबाने त्या एका दिवसात सुमारे 3000 जण सामील झाले. ओपनिंग असावी तर अशी!

आता गर्दीची यादी ऐका. पार्थी, मेदी, एलामी. मेसोपोटेमिया, यहूदिया, कप्पदुकिया, पंत, आसिया, फ्रुगिया, पंफुल्या इथले रहिवासी. मिसरचे, कुरेनेजवळच्या लिबियाचे. रोमहून आलेले पाहुणे. क्रेतचे आणि अरब. मोजलीत? पंधरा! आजचा नकाशा उघडलात तर इराण, इराक, तुर्कस्तान, इजिप्त, लिबिया, इटली आणि ग्रीसपर्यंत पिना टोचाव्या लागतील.

आणि हो, यादीतला ‘आसिया’ म्हणजे आपला आशिया खंड नव्हे, बरं का. तो पश्चिम तुर्कस्तानातला एक रोमन प्रांत. पंधरापैकी तब्बल पाच नावं एकट्या आजच्या तुर्कस्तानातली आहेत.

यादीत पहिला नंबर पार्थींचा, आणि हीच मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते. पार्थिया म्हणजे रोमचा कट्टर वैरी. इ.स.पू. 53मध्ये कार्‍हाईच्या लढाईत पार्थियनांनी रोमन फौज धुळीला मिळवली, धनाढ्य सेनापती क्रॅससला संपवलं आणि रोमच्या पलटणींचे गरुडध्वज पळवून नेले. ते परत मिळायला रोमला तीसेक वर्षं वाट पाहावी लागली. आणि इथे, रोमच्या ताब्यातल्या शहरात, त्या शत्रूच्या मुलखातली माणसं रोमच्या पाहुण्यांशेजारी उभी राहून एकच भाषण ऐकताहेत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. ही गर्दी ज्यूंची आणि ज्यू धर्म स्वीकारलेल्यांची होती. मग ते इतके पांगले कसे? काहींच्या पूर्वजांना बाबिलोनने इ.स.पू. सहाव्या शतकात धरून नेलं होतं. काही जण व्यापाराच्या मागे गेले. आणि काहींची तर चक्क सरकारी बदली झाली! इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखस तिसरा या राजाने मेसोपोटेमियातली 2000 ज्यू कुटुंबं उचलून फ्रुगिया आणि लिडियात वसवली, कारण तिथे बंडं होत होती आणि त्याला भरवशाची माणसं हवी होती. इतिहासकार जोसेफसने ही नोंद ठेवली आहे. पेंटेकॉस्टच्या यादीत फ्रुगिया का आहे, ते आता कळलं?

मग एवढे लोक उतरायचे कुठे?

लॉजवर! गंमत नाही, शिलालेख आहे. 1913मध्ये जेरुसलेमच्या जुन्या भागात एका हौदात दहा ओळींचा ग्रीक शिलालेख सापडला. थिओडोटस नावाचा एक सभास्थानप्रमुख त्यात सांगतो की त्याने हे सभास्थान नियमशास्त्र वाचण्यासाठी बांधलं आणि परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या, धर्मशाळा आणि पाण्याची सोयही केली. त्याचे वडीलही सभास्थानप्रमुख, आजोबाही. बहुतेक अभ्यासक हा दगड सन 70च्या आधीचा मानतात. म्हणजे जेरुसलेमच्या ऐन मध्यावर ग्रीक भाषेत पाट्या लावणारं ज्यू सभास्थान होतं, अटॅच्ड लॉजिंगसकट!

आता जरा मसाला. माहीत आहे का, पहिल्या ख्रिस्ती मंडळीतलं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? देवावरून? ग्रंथावरून? छे, जेवणावरून! रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. डावलणारे कोण, तर हिब्रू-अरामी बोलणारे. सरळसरळ पंक्तिप्रपंच! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट एका कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही आणि मग वरपक्षात कुजबुज सुरू होते ना, तस्सं. फरक इतकाच की इथे प्रश्न जिलबीचा नव्हता, पोटाचा होता.

यावरचा तोडगा मात्र शिकण्यासारखा. प्रेषितांनी वाटपाचं काम सात जणांच्या हाती दिलं आणि सातही नावं ग्रीक! स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांकडे डाव आणि पळी सोपवून टाकली. यातला निकलाव तर जन्माने ज्यूसुद्धा नव्हता. तो अंत्युखियाचा, ज्यू धर्म स्वीकारलेला.

या सातांतला फिलिप्प लगेच पुढच्या सीनमध्ये धावताना दिसतो. अक्षरशः धावताना!

राणीचा खजिनदार आणि पायरीखालचा सम्राट

जेरुसलेमहून गाझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रथ चालला आहे. आत बसलाय कूशी राज्याच्या कांदके राणीचा खजिनदार. खोजा, परदेशी, काळ्या वर्णाचा, पैसेवाला, आणि मांडीवर यशया संदेष्ट्याची गुंडाळी. तेव्हा मोठ्याने वाचायची पद्धत होती, म्हणून धावत गाठलेल्या फिलिप्पाला रथाबाहेरूनच ऐकू आलं. कळतंय का काय वाचताय, असं फिलिप्पाने विचारलं. सांगणारा कोणी नाही तर कसं कळणार, असं उत्तर आलं आणि रथात चर्चा सुरू. रस्त्याकडेला पाणी दिसलं, तिथेच बाप्तिस्मा. झटपट!

माहीत आहे का, हा गृहस्थ यशयाचा 53वा अध्याय वाचत होता? ज्यू नियमशास्त्राप्रमाणे खोजांना देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. आणि त्याच गुंडाळीत, अवघ्या तीन अध्यायांपुढे, 56व्या अध्यायात परदेशीयांना आणि खोजांना देवाच्या घरात जागा मिळेल असं वचन आहे. रथ तसाच पुढे गेला असेल तर वाचता वाचता त्याने आपल्याबद्दलचाच मजकूर गाठला असणार!

त्याचं राज्य आजच्या इथिओपियात नव्हे, सुदानमध्ये होतं. राजधानी मेरोए. तिथले पिरॅमिड आजही उभे आहेत. आणि कांदके हा राण्यांचा किताब, एकीचं नाव नव्हे. या राण्या भलत्याच धाडसी. इ.स.पू. पहिल्या शतकात कूशी फौजेने रोमन इजिप्तवर धाड घालून सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचं काशाचं डोकं तोडून आणलं आणि मेरोएतल्या एका मंदिराच्या पायरीखाली पुरलं. देवळात जाणारा प्रत्येक जण सम्राटाच्या डोक्यावर पाय ठेवून वर जायचा! 1910मध्ये ते डोकं सापडलं आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असल्या दरबाराची तिजोरी सांभाळणारा माणूस हा ख्रिस्ती इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या आफ्रिकन श्रोत्यांपैकी एक.

आता समुद्राकडे वळू या. यापो बंदरात पेत्र मुक्कामाला आहे. कोणाकडे? शिमोन नावाच्या चांभाराकडे, कातडी कमावणाऱ्याकडे. पत्ता कळला की त्याचं वजनही कळतं. कारण ज्यू कायद्याचा ग्रंथ मिश्ना सांगतो की कातडी कमावण्याचा कारखाना गावापासून किमान 50 हात दूर हवा. वास! लोक ज्याच्या घरापासून अंतर ठेवत, त्याच्याच गच्चीवर पेत्र भरदुपारी उपाशीपोटी प्रार्थनेला बसला आणि तिथेच त्याला दृष्टांत झाला की देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध मानू नकोस.

दारात तोवर पाहुणे हजर! कैसरीयातल्या ‘इतालिक’ पलटणीचा शताधिपती कर्नेल्य याने माणसं पाठवली होती. रोमन लष्करी अधिकारी, परधर्मीय. पेत्र गेला, त्याच्या घरात शिरला आणि सगळं घर बाप्तिस्मा घेऊन मोकळं झालं. जेरुसलेमला परतल्यावर पेत्राची पेशी झाली. आरोप काय, तर सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवलास! पुन्हा जेवणच. या सगळ्या कहाणीत ताटावरून जेवढं महाभारत झालंय तेवढं दुसऱ्या कशावरून झालेलं नाही.

बोनस फॅक्ट! 2005मध्ये इस्राएलच्या मेगिद्दो तुरुंगाच्या आवारात कैद्यांच्या हातून खोदकाम सुरू असताना तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळाची मोझेक फरशी निघाली. फरशीचे पैसे दिले कोणी? गायानस नावाच्या रोमन शताधिपतीने. आणि तिथलं टेबल आकेप्तूस नावाच्या बाईने दिलं. दोघांचीही नावं फरशीत जडवलेली.

कानावर येणारी नावं बदलत चालली आहेत ना? अंत्युखियाला येईपर्यंत तर स्टेजच बदललं. आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, तेव्हाचं साम्राज्यातलं रोम आणि अलेक्झांड्रियाच्या खालोखालचं महानगर. ‘ख्रिस्ती’ हे नाव इथेच पडलं. इथल्या मंडळीचे पाच पुढारी बघा. बर्णबा सायप्रसचा. ‘निग्र’ म्हणवला जाणारा शिमोन. लूक्य लिबियातल्या कुरेनेचा. मनाएन, जो हेरोद राजाबरोबर लहानाचा मोठा झालेला. आणि तार्ससचा शौल, म्हणजे पौल. राजवाड्यात वाढलेला एक माणूस आणि तंबू शिवून पोट भरणारा दुसरा, एकाच बाकावर!

यातला हेरोद म्हणजे तोच, ज्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकातून मागवू दिलं. त्याच्या बालमित्राने निवडलेली वाट पाहा.

हारतुरे सकाळी, दगड संध्याकाळी?

लुस्त्र नावाच्या गावात पौल आणि बर्णबाने एका पांगळ्याला चालवलं आणि गावाने लुकवनी भाषेत एकच कल्ला केला. काय चाललंय ते या दोघांना आधी कळेचना! मग नगराबाहेरच्या मंदिराचा पुजारी बैल आणि फुलांचे हार घेऊन आला तेव्हा ट्यूब पेटली. गावकऱ्यांनी बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवून टाकलं होतं. बोलायचं काम पौल करत होता, म्हणून तो देवांचा दूत!

हे कुठून आलं? त्या डोंगराळ भागात एक जुनी कथा होती. झ्यूस आणि हर्मीस वेश बदलून आले, सगळ्या गावाने दारं लावून घेतली, एका म्हाताऱ्या जोडप्याने तेवढं जेवू घातलं आणि मग पुरात बाकी सगळं बुडालं. रोमन कवी ओव्हिडने ती लिहून ठेवली आहे. तर लुस्त्रकर या वेळी चान्स घेणार नव्हते! पण या दोघांनी कपडे फाडून ‘आम्ही माणसंच’ असं सांगितलं. पुढे शेजारच्या शहरांतून विरोधक आले आणि त्याच गर्दीने पौलाला दगडमार केला. मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. तो उठला आणि परत गावात गेला. जिद्द म्हणजे काय ते इथे वाचावं.

फिलिप्पै. उत्तर ग्रीस, रोमन निवृत्त सैनिकांची वसाहत. शब्बाथच्या दिवशी पौल गावाबाहेर नदीकाठी गेला, तर तिथे जमल्या होत्या फक्त स्त्रिया. त्यातलीच एक लुदिया, थुवतीराची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. युरोपच्या भूमीवर पौलाचं म्हणणं स्वीकारणारी म्हणून लूक ज्या पहिल्या व्यक्तीचं नाव घेतो, ती ही. एक बिझनेसवुमन! आणि बाप्तिस्मा झाल्या झाल्या तिने पाहुण्यांना घरी चला म्हणून इतका आग्रह धरला की त्यांना जावंच लागलं.

माहीत आहे का, अस्सल शाही जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत? 1909मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने 12,000 गोगलगायी खर्ची घातल्या, तेव्हा हाती लागला 1.4 ग्रॅम रंग! लुदियाचं गाव रंगाऱ्यांच्या श्रेणीसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या शिलालेखांतही रंगाऱ्यांची संघटना सापडते.

याच गावात भविष्य सांगणारी एक गुलाम मुलगी अनेक दिवस पौलाच्या मागे ओरडत फिरली. पौलाने तिच्यातला आत्मा काढला आणि मालकांची कमाई बुडाली. त्यांच्या तक्रारीवरून अधिकाऱ्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चोप देऊन तुरुंगात डांबलं. मध्यरात्री भूकंप! दारं उघडली! कैदी पळाले असं समजून जेलरने तलवार उपसली, तर आतून पौलाचा आवाज, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री जेलरने त्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना जेवू घातलं. व्यापारी बाई, गुलाम मुलगी, सरकारी जेलर. एका अध्यायात समाजाचे तीन मजले!

मजल्यावरून आठवलं. त्रोवस इथे पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं. माडीवर दिवेच दिवे, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण. डुलकी, डुलकी, आणि धप्प! तिसऱ्या मजल्यावरून खाली. लोकांनी उचलला तो मेलेला. पौल खाली उतरला, त्याला मिठीत घेतलं, जीव आहे म्हणाला आणि पोरगा जिवंत घरी गेला. पौल मात्र वर जाऊन जेवला आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला! प्रवचनात झोपणाऱ्यांची जुनी नोंद शोधताय? हा तुमचा माणूस.

अथेन्समध्ये झोपाळू नव्हे, चोखंदळ पब्लिक. एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञांनी पौलाला अरीयपगाच्या खडकाकडे नेलं. पौलाने तिथे मोशेचं नावही काढलं नाही. त्याने त्यांच्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीचा दाखला दिला आणि त्यांच्याच कवीच्या ओळीचा आधार घेतला. ती ओळ अरातसच्या काव्यात आहे आणि अरातस होता किलिकियाचा, म्हणजे पौलाचाच प्रांतवाला! मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट आली तेव्हा काही हसले, काही पुन्हा ऐकू म्हणाले. विश्वास ठेवणाऱ्यांत नगराच्या न्यायसभेचा सदस्य दिओनुस्य आणि दामारी नावाची एक स्त्री.

करिंथला दगडच बोलतात. 1929मध्ये नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत मोठमोठ्या अक्षरांत एक नाव सापडलं, एरास्त. नगरपालिकेतल्या पदाच्या बदल्यात त्याने स्वखर्चाने फरसबंदी केली, असं त्यात आहे. पौलाच्या रोमकरांस पत्रात करिंथचा नगर-कोषाध्यक्ष एरास्त याचा सलाम आहे. दोघे एकच का, यावर विद्वानांचे सामने अजून रंगतात. आणि इथेच पौलावरचा खटला फेटाळून लावणारा अधिकारी कोण होता? गल्लियो, तत्त्वज्ञ सेनेकाचा सख्खा भाऊ! डेल्फीतल्या शिलालेखामुळे त्याची कारकीर्द सन 51-52च्या सुमाराची ठरते. पौलाच्या आयुष्याचं कॅलेंडर आज याच दगडावर टांगलेलं आहे.

पुढचा स्टॉप इफिस! पौलाने तिथे तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज चर्चा घेतली. माहीत आहे का, एका जुन्या हस्तलिखित परंपरेत टायमिंगही दिलंय? सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणजे भर उन्हाची, वामकुक्षीची वेळ! सगळं शहर आडवं झालेलं असताना हॉल मोकळा मिळत असणार. परिणाम? जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं चौकात जाळली, किंमत 50,000 चांदीची नाणी. एक नाणं म्हणजे साधारण एका मजुराची दिवसाची मजुरी. करा हिशेब!

मग अर्तमी देवीच्या चांदीचे देव्हारे बनवणारे सोनार खवळले. सुमारे 25,000 माणसं मावतील एवढ्या नाट्यगृहात गर्दी घुसली आणि देवीच्या नावाचा जयजयकार तब्बल दोन तास चालला. लूकने इथे टिपलेला बारकावा लाजवाब आहे. जमलेल्यांपैकी बहुतेकांना आपण का जमलोय हेच ठाऊक नव्हतं!

इफिसच्याच त्रोफिमामुळे पौल जेरुसलेमला गोत्यात आला. या परक्याला त्याने मंदिराच्या आतल्या अंगणात नेलं, असा बोभाटा झाला. तिथल्या कठड्यावर ग्रीक भाषेत तंबी कोरलेली होती की परका आत सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. यातला एक अख्खा दगड 1871मध्ये सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. श्रोत्यांत सगळ्या जातींची माणसं होती हे खरं, पण त्यांच्यामधल्या भिंती खऱ्याखुऱ्या दगडाच्या होत्या.

माल्टा, क्विक! अटकेतल्या पौलाला रोमकडे नेणारं 276 माणसांचं जहाज फुटलं, सगळे वाचले. शेकोटीशी पौलाच्या हाताला साप डसला. बेटावरचे लोक म्हणाले खुनी असणार. तो मेला नाही तेव्हा म्हणाले देवच असणार. थेट मतपरिवर्तन!

विरोधकांची साक्ष

पहिल्या दिवशीच्या यादीतलं ‘पंत’ आठवतंय? काळ्या समुद्राकाठचा प्रांत. तंबू शिवणारा अक्विल्ला तिथलाच. बायको प्रिस्किल्लेसह रोममध्ये राहायचा. क्लौद्य सम्राटाने ज्यूंना शहराबाहेर काढलं तेव्हा दोघं करिंथला आली आणि पौलाला शेजारच नव्हे, धंद्यात पार्टनरही मिळाले. आणि सन 112च्या सुमारास याच बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट त्राजानला पत्र लिहून हवालदिल होतो की या पंथात सगळ्या वयांचे, सगळ्या थरांतले, स्त्रिया-पुरुष दोन्ही आहेत आणि ही लागण शहरांतून खेड्यापाड्यांतही गेली आहे. बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं.

त्या पत्रातली एक नोंद वाचून मात्र घशात आवंढा येतो. खरं काढून घेण्यासाठी प्लिनीने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. मंडळीत त्या सेविका म्हणून ओळखल्या जात. मालकाच्या दप्तरी ज्यांना माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांना या मंडळीत पद होतं. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत.

सेल्सस नावाचा टीकाकार दुसऱ्या शतकात हिणवत होता की हे लोक म्हणजे लोकरकाम करणारे, चांभार आणि परीट! त्याचं मूळ पुस्तक हरवलं. पण ओरिगेनने त्याला आठ खंडांत उत्तर देताना त्याची वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली, म्हणून ती आज वाचता येतात. आणि रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर 1857मध्ये एका भिंतीवरचं ओरखडलेलं चित्र सापडलं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उंचावलेला एक पोरगा, खाली मजकूर की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. कोणा टवाळाने खिल्ली उडवायला काढलं आणि सम्राटाच्या वाड्याच्या परिसरात राहणाऱ्या एका साध्या भक्ताचं नाव अठराशे वर्षं टिकवून ठेवलं.

पूर्वेकडेही नजर टाका. येशूचा शिष्य थोमा याच्या जुन्या सीरियन कथेत गुदनफर नावाचा भारतीय राजा येतो. फार काळ लोकांना तो कल्पित वाटायचा. मग एकोणिसाव्या शतकात वायव्य भारत आणि अफगाणिस्तानात गोंडोफर्नीसची नाणी निघाली. राजा खरा होता आणि तो इंडो-पार्थियन! केरळची परंपरा तर थोमा सन 52मध्ये तिथे उतरल्याचं सांगते. आणि आपल्या अंगणातला फॅक्ट हवाय? सहाव्या शतकात कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी-साधू लिहितो की ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हे आपलं कल्याण.

शेवटची मेजवानी तुमच्या शेल्फवर आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय. नुसती नावं, म्हणून बहुतेक जण तो पटकन उलटतात. थांबा तिथे! पत्र घेऊन जाणारी किंख्रियाची फीबी, ते लिहून घेणारा आणि मध्येच आपलाही सलाम घुसवणारा तर्तियस. पौल 26 जणांना सलाम पाठवतो, त्यात 9 स्त्रिया. मरिया हे ज्यू नाव, युलिया हे रोमन, हर्मेस हे ग्रीक देवाचं, अंप्लियात हे गुलामांत सर्रास आढळणारं. अपैनत हा आसिया प्रांतातला पहिला विश्वासू. रूफाच्या आईला तर पौल आपलीही आई म्हणतो. आज रात्री पाच मिनिटं काढा आणि हा अध्याय मोठ्याने वाचा, त्या रथातल्या खजिनदारासारखा. एकही नाव गाळू नका.